थंड इंजिन, जड क्लच

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी बिबवेवाडीत माझ्या थोरल्या बहिणीने एका जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गरम होतं.

गाडीचा मालक हार्डवेअरचा दुकानदार होता. तुम्ही येणार म्हणून सकाळीच चालू करून ठेवली, असं त्याने सांगितलं.

"पाहुण्यांसाठी चहा गरम करतात," ताई म्हणाली, "इंजिन नाही."

त्याने चहाही मागवला. आम्ही तो घेतला आणि निघालो.

डिझेल गाडीचं खरं काय ते थंड इंजिन सांगतं. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू व्हायला किती कुरकुरते, मागून कसला धूर टाकते, यावरून आतली अवस्था कळते. एकदा तापली की कुठलीही गाडी गुणी वाटते. ताईला हे पक्कं माहीत होतं. तरी त्या महिन्यात पाहिलेल्या एकूण एक गाड्यांची बॉनेटं गरम निघाली, कारण आम्ही प्रत्येक मालकाला आदल्या दिवशी फोन करून वेळ कळवत होतो आणि त्या वेळेला दारात हजर होत होतो. न कळवता कुणाकडे जायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. माझा जन्म बातमीदारीत गेला, म्हणजे न कळवता लोकांच्या दारात जाण्यात. ताईला ते कधीच आवडलं नव्हतं.

जुन्या गाड्यांची हौस असलेला एक गट डिसेंबरात पुण्याहून कन्याकुमारीला निघणार होता. गाडी पंचवीस वर्षांहून जुनी हवी आणि शेवटपर्यंत तीच हवी, अशी अट होती. ताईला हवी होती ती गोल बॉनेटची, स्टिअरिंगखाली गिअर असलेली डिझेल गाडी, पूर्वी सरकारी कचेऱ्यांबाहेर पांढऱ्या रंगात उभी असायची ती. आमचे वडील तशा गाडीवर ड्रायव्हर होते. आम्ही तीत कधी बसलो नाही. ती साहेबांची होती.

ताई सत्तरीची होती. जानेवारीत तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर जुन्या गाडीचा क्लच दाबता येईल का, या प्रश्नावर डॉक्टरांनी नंतरचं नंतर बघू, एवढंच उत्तर दिलं होतं. मला गाडी चालवता येत नाही. भाचा रजा काढून यायला तयार होता. ताईने नकार दिला. "तो चालवणार असेल तर मी कोण? सामान," ती म्हणाली. तो विषय तिथे संपला.

तिला स्वस्थ बसवत नव्हतं. फोनवर जाहिराती पाहायची, मध्येच उठून गॅलरीत जायची, परत येऊन तीच जाहिरात पाहायची. जेवताना टेबलाखाली तिचा डावा पाय हलत असायचा, दाबल्यासारखा, सोडल्यासारखा.

बिबवेवाडीहून परतल्यावर मी म्हटलं की जाहिरातीतली वाघोलीची गाडी न कळवता पाहू. तिने ठाम नकार दिला. शेवटी तडजोड झाली. मालकाला फोन करून अकराची वेळ सांगायची आणि सातला पोचायचं. रिक्षात तिने नगर रस्ताभर फोन मांडीवर पालथा धरून ठेवला होता. खोटं मी बोललो होतो, पण फोन तिचा होता.

वाघोलीचा मालक जुन्या शेतकरी घरातला. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, गाडी मात्र अजून गोठ्याच्या पत्र्याखाली होती. तो खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला.

"अकरा म्हणला व्हता ना?"

"चुकलं आमचं," ताई म्हणाली. तोवर तिचा हात बॉनेटवर गेला होता. बॉनेट गार होतं.

त्याने राग धरला नाही. ताई गाडीत बसली, किल्ली फिरवली, इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबली आणि मग स्टार्टर मारला. दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं. थोडा पांढरा धूर आला आणि विरला. आवाज एकसारखा होता. कन्याकुमारीला जाऊन परत येईल अशी गाडी सापडली होती. मी ताईकडे पाहिलं. ती इंजिन ऐकत नव्हती. तिने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी पायावर हात ठेवून दाबला.

"जड हाय," मालक म्हणाला. "सवयीचा पाय लागतो त्याला."

ती गाडी घेऊन रस्त्यापर्यंत गेली. मी शेजारी होतो. कॉलेजच्या बसमागे गाड्या अडकल्या होत्या. पहिला गिअर, क्लच, थांबा, पुन्हा पहिला. चौथ्या की पाचव्या वेळी तिचा पाय सटकला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. ती स्टिअरिंग धरून बसून राहिली. मग मालकाला फोन केला आणि गाडी न्यायला बोलावलं.

क्लच हलका करून घेता येईल का, असं मी ओळखीच्या गॅरेजमध्ये विचारलं. करता येईल, पण सुटे भाग मिळवून बसवायला महिना लागेल, असं उत्तर आलं. तेवढा वेळ नव्हता.

बिबवेवाडीच्या गाडीचा क्लच हलका होता. दुकानदाराने बायकोला चालवता यावी म्हणून तो कधीतरी बदलून घेतला होता. ते ताईने पहिल्याच दिवशी, चहा यायच्या आधी, तपासून ठेवलं होतं. मला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच रिक्षा बोलावली. फोन केला नाही. दुकानदार शटर उघडत होता.

"अहो, कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर तुम्ही परत गरम केली असती," ताई म्हणाली.

गाडी पाचव्या झटक्यात लागली. निळा धूर आला आणि गेला नाही. इंजिन तेल खात होतं, हे मलाही कळलं. मी तसं म्हटलं.

"दिसतंय मला," ती म्हणाली. क्लच तळापर्यंत दाबला आणि सोडला. "वाघोलीची पोचेल रे. पण मी नाही पोचवू शकणार. हीच घेऊ."

दुकानदाराने दोन किलो खिळे विकावेत तितक्या सहज होकार दिला. धुराबद्दल त्याने काही सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

डिसेंबरात गट स्वारगेटजवळून पहाटे निघाला. आमच्या डिकीत कपड्यांची एक बॅग होती, बाकी तेलाचे डबे. भाचा निरोप द्यायला आला होता. त्याने एकदा मागच्या धुराकडे पाहिलं आणि ताईच्या पाया पडला.

खंबाटकी घाटाच्या माथ्यावर सगळ्या गाड्या थांबल्या. आमची शेवटून दुसरी पोचली. तापमानाचा काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे होता. तेल अर्धा लिटर कमी झालं होतं, ते मी भरलं. ताई खाली उतरली नाही. गुडघ्यावरचा पट्टा तिने सैल करून पुन्हा आवळला. पुढची गाडी हलल्यावर तिने क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला.