आबांना दिसणारं खळं

सूर्याभोवती रंगीत कडं दिसलं की आमच्याकडे म्हणतात, खळं पडलं. ज्वारीची मळणी करतो त्या जागेलाही खळंच म्हणतात. स्वातंत्र्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, शिरपूरजवळच्या आमच्या गावी, या दोन खळ्यांनी मिळून माझा जीव काढला.

वर खळं पडलं म्हणजे पाऊस येणार, यावर माझ्या वडिलांचा, आबांचा, भारी विश्वास. ऐन मळणीत ते दुपारी वर बघायचे आणि म्हणायचे, "सूर्याले खयं पडनं. बठ्ठी जवारी झाका." झालं. बैल सोडा, सगळी कणसं ओढा, ढीग करा, वर चटया टाका. पाऊस काही यायचा नाही. सकाळी पुन्हा पसरा. दहा दिवसांत तीच ज्वारी मी इतक्या वेळा पसरली की दाणे मला ओळखू लागले. बैल तर मला बघून सुस्कारे टाकायचे.

मी वर बघायचो. पांढरं ऊन, दुसरं काही नाही. पण नाही म्हटलं तर तासभर वाद, आणि तेवढं त्राण कुणात होतं? खोटं बोलायला मात्र कष्ट पडत नाहीत.

"तुले दिसस ना?"

"दिसस ना आबा. आतमा लाल, भायेर निळं. बाजूले आखो दोन सूर्य शेतस."

"लाल भायेर शे. नीट देख. आनि ते दोन सूर्य तुनाजोडे ठेव."

मी मुकाट्याने लाल रंग बाहेर नेला.

अकराव्या दिवशी दुपारी निंबाखाली बसलो होतो. आबांनी बिडीसाठी काडी ओढली आणि बिडीच्या दोन बोटं बाजूला धरली. बोटाला चटका बसेपर्यंत ते ज्योतीकडे बघत राहिले.

"काडीलेबी खयं शे," हळूच म्हणाले.

"मग आते बिडीवर पाऊस पडी," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "दिवालेबी खयं दिसस. दोन महिना हुई ग्यात."

खळं आभाळात नव्हतं, आबांच्या डोळ्यांत होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी ज्वारी तशीच पसरलेली सोडून आम्ही एसटीने धुळ्याला गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्यासाठी प्रयत्न करू, म्हणाले. "आजोबा, कडी दिसू लागली तेव्हाच यायचं. घरात कुणाला बोलला नाहीत?"

आबांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं, पण बघितलं ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"सूर्यानं खयं तर मी याले रोज सांगू," ते म्हणाले. "यालेबी दिसे."

डॉक्टर उठले, दिवा जवळ ओढला आणि मला म्हणाले, "या, तुमचेही बघू."

मी जाऊन बसलो आणि डोळे उघडे ठेवले.