उन्हातला ट्यूबा

पिंपळवंडीच्या एका लग्नात, गेल्या मे महिन्यात, दुपारी साडेबारा ते अडीच, बँडमधल्या ट्यूबावाल्यावर अन्याय झाला. मुहूर्त साडेबाराचाच होता. पण पुढारी एकेक करून येत होते आणि प्रत्येकाच्या स्वागताला वाजंत्री हवी, म्हणून बँड मांडवाबाहेर उन्हात उभा. छातीशी धरलेलं ते अवजड पितळी वाद्य एवढं तापलं होतं, की हा पन्नाशीचा माणूस मध्ये ओला पंचा धरून वाजवत होता.

मी मुलीच्या मामांना म्हटलं, हा अन्याय आहे, बँडवाल्यांना आत बसवा. मामा म्हणाले, "भाऊ, जेवायला आलाय का पत्रकं वाटायला?"

ट्यूबावाला हसला. "ऱ्हाऊ द्या, राव. ह्या ट्यूबाचं नाव लई जुनं हाय. मिलटरीतल्या बँडमास्तरनं सांगितलं व्हतं, ट्यूबा म्हंजी लॅटिनमदी कर्णा. रोमन फौजेचा, सरळ नळीचा. त्यो वाजला की समदी फौज हलायची. आमी वाजवलं की पुढारी सावलीत जातो. आमी हितंच."

तेवढ्यात आणखी एक जीप आली. त्याने पंचा सारखा केला आणि ट्यूबा उचलला.

तुमच्या घरी लग्न असेल, तर बँडच्या खुर्च्या मांडवाच्या आत टाका. पुढाऱ्यांच्या खुर्च्यांआधी टाका.