सुनेने पाण्याला दिलेली जागा

पुरात नदीने आमच्या वस्तीतली घरांची खालची ओळ नेली, तेव्हाची गोष्ट. माझी सून रोपवाटिका चालवते. नव्या वस्तीत झाडं कुठे लावायची, एवढंच तिला विचारलं होतं. ती मात्र आठवडाभर उतारावर फिरली आणि बैठकीत म्हणाली, "खालच्या ओळीत घरं नकोच. तिथे खोलगट मैदान करू. एरवी मुलं खेळतील, पूर आला की पाणी पसरेल. काठाला बांबू आणि खोल मुळांचं गवत. घरं वर माळावर."

लोक उसळले. सगळ्यांना जुन्याच पायावर घर हवं होतं आणि नदीला उंच भिंत. दुकान वाहून गेलेले शिंपीकाका म्हणाले, "तुझं काय जातंय गं? दुसऱ्याच्या जागेत तळं खणायला सगळेच पुढे!"

तिने नकाशावर बोट ठेवलं. "खणायला सुरुवात इथून, काका. हा आमचा चौथरा."

घरात तिने कुणालाच विचारलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तेवढ्यात आमची ही उठली. "बघताय काय? स्वयंपाकघर तसंही अंधारंच होतं. खणा!"

हशा पिकला आणि मैदानाचं ठरलं. शिंपीकाका तेवढे हसले नाहीत. "एक पूर येऊ दे, मग बोलू," म्हणाले आणि कुरकुरत माळावर राहायला गेले.

यंदा नदी चढली. सगळी वस्ती माळाच्या कडेला उभी. सूनबाईचा चेहरा पांढराफटक. पाणी मैदानात शिरलं, गवतात संथावलं आणि पहिल्या घराच्या बरंच खाली थांबलं.

"वहिनी, तुमच्या स्वयंपाकघरात पाहुणे फार झालेत हो!" शिंपीकाका ओरडले.

"येऊ देत की! सून आहे बघायला."

पाणी ओसरल्यावर सूनबाई चिखलात उतरली. काठाचा एक तुकडा खचला होता. "इथे बांबू दाट लावायला हवा होता. चुकलंच माझं," ती पुटपुटली.

शिंपीकाकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, रोपांची पाटी उचलली आणि ते तिच्यामागे उतरले. "कुठे लावायचं ते तू सांग, बाई. आम्ही लावतो."

वर उभ्या उभ्या माझी छाती फुगली. तिला काही बोललो नाही. बोलायला जमलं असतं, तर लिहायला कशाला बसलो असतो?