तोफेच्या पोटाखालचं घर

आमचे हे ओतकामाच्या कारखान्यात साचे करतात. गटारांची झाकणं, पंपांची कवचं, बागेतल्या बाकांचे पाय. रस्त्यात मध्येच थांबून गटाराच्या झाकणाकडे कौतुकाने बघणारा नवरा आणखी कुणाच्या वाट्याला आला असेल, तर तिने मला जरूर भेटावं. एरवी माणूस गरीब गाय. खोटं बोलायला गेले की कान लाल होतात.

चौकात स्मारकाशेजारी एक जुनी तोफ होती. स्मारकाच्या दगडावर लढाईत गेलेल्यांची नावं आहेत, त्यात माझ्या थोरल्या दिरांचंही. पण ते उंचावर, सासूबाईंचा हात पोचायचा नाही. डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हापासून त्या रोज सकाळी तोफेलाच टेकून बसायच्या आणि लेकाशी बोलायच्या. माझ्या कागाळ्याही तिथेच व्हायच्या, मला काय ठाऊक नाही?

मग तोफेला तडा गेला. ती दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात न्यायची आणि तिच्या जागी तशीच नवी ओतायची, असं ठरलं. काम आलं यांच्याच कारखान्याकडे. तोफ उचलली त्या दिवशी सासूबाईंनी अंथरूण धरलं. "माझा लेक दुसऱ्यांदा नेला गं," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन घासांवर तिसरा घास घेईनात.

"आई, दुरुस्तीला नेलीय. येईल परत," यांनी ठोकून दिलं. कान लालभडक! समोरच्याला दिसत नव्हतं, तेवढंच यांचं नशीब.

मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, खरं काय ते सांगून टाका. त्यांचा हात फसायचा नाही."

"खरं सांगितलं तर ती उठायची नाही," हे म्हणाले. मग मीही त्या खोट्यात सामील झाले.

जुनी तोफ आधी कारखान्यात आली होती. तिच्यावरून यांनी साचा घेतला. तोंडाजवळचा टवका, मागच्या कडीचा वाक, काही म्हणून सोडलं नाही. इतकं निरखून लग्नात माझ्याकडेसुद्धा बघितलं नव्हतं.

नवी तोफ चौकात बसली, तशी आम्ही दोघांनी सासूबाईंना हाताला धरून तिथे नेलं. त्यांनी आधी तोंड चाचपलं. टवका सापडला. कडी सापडली. "आली गं बाई!" त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग सासूबाईंचा हात तोफेच्या पोटाखाली गेला आणि तिथेच अडला.

"इथलं भोक कुठं गेलं?"

"कसलं भोक, आई?"

"कुंभारीण माशीचं घर आहे हे, मातीचं. पिल्लं उडून गेली, त्याचं भोक होतं. मी रोज करंगळी घालून बघायचे."

घ्या! दरवर्षी तोफेला काळा रंग फासणाऱ्यांनी त्या मातीच्या घरालाही फासला होता. आमच्या कलाकारांना तो तोफेचाच उंचवटा वाटला; भोक तेवढं ओतकामातली खोट समजून त्यांनी बुजवलं आणि माशीचं घर इमानेइतबारे लोखंडात ओतलं! मला हसू आवरेना. पण यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"धाकट्या, ही ती नव्हे."

"नाही, आई. मी केलीय. तू उठावीस म्हणून..."

आता सासूबाई घरी परततात आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करतात, असंच मला वाटलं. पण त्यांनी पुन्हा तोंडापासून शेपटापर्यंत हात फिरवला, या खेपेला अगदी सावकाश. मग चाचपडत यांचा कान धरला.

"तापलाय मेला. माशीचं घरसुद्धा सोडलं नाहीस रे!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

कान सोडून त्या खाली बसल्या आणि तोफेला पाठ टेकली.

"थोरल्या, ऐकलंस का? तुझ्या धाकट्याने केलीय ही."

हे तोंड फिरवून उभे राहिले. सासूबाईंनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि आवाज थोडा खाली आणला.

"आणि ही सून! इतकी वर्षं झाली, अजून हिच्या हाताला मिठाचा अंदाज नाही बघ."

मी म्हटलं, बोला, सासूबाई, बोला. रोज बोला.