भाजीच्या शेडमधलं इंग्रजी

भेंडीचं एक असतं. आज सगळी तोडली, पाटी भरली, आता दोन दिवस निवांत, असं म्हणावं तर परवा सकाळी झाडावर तेवढीच लोंबत असते. आमच्या इंग्रजीच्या वर्गाचे किस्से तसेच आहेत. सांगून मोकळं व्हावं, तर पुढच्या दुपारी नवे तयार!

वर्ग भरतो अंथुर्ण्यात, बापूरावांच्या भाजीच्या शेडमध्ये. सकाळचा माल क्रेटात भरून बारामतीला गेला की शेड रिकामी होते. मग आम्ही मूठभर म्हातारी माणसं पोती अंथरून बसतो. शिकवते अश्विनी, बापूरावांची सून. काटेवाडीची मुलगी, इंग्रजी घेऊन कॉलेज केलेली. मला सगळे आबा म्हणतात. मी शाळा पाहिलेली नाही. मराठी अक्षरं पोरीच्या पाटीवरून उचलली, तीही सावकाश. मला कधीच घाई नसते.

वर्गात सगळ्यात जिद्दी कौसाक्का. तिच्या घरात एक रीत पडली होती. म्हातारीला कळू द्यायचं नसलं की मुलगा आणि सून तिच्यासमोरच इंग्रजीत बोलायची. अक्का आपली भाकरी थापत बसायची. एक दिवस तिनं परात बाजूला सारली आणि पिठाच्या हातानंच शेडमध्ये आली. "माझ्याच चुलीपुढं बसून माझंच ठरिवत्यात. आता मला समजाय पायजे."

तिचे मालक दगडूतात्या. माझे लहानपणापासूनचे दोस्त, पण या बाबतीत पार उलटे. बायकोनं या वयात पुस्तक धरणं त्यांना पटेना. वर्ग सोड, हे त्यांचं रोजचं. सोडणार नाही, हे तिचं रोजचं. अक्का वर्गात टिकते की जाते, याकडं सगळ्या गावाचं लक्ष.

* * *

घरात अश्विनी सासऱ्यांपुढं डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. शेडमध्ये मात्र ती उभी आणि सासरे खाली पोत्यावर. नियमही तिचेच. हजेरीत नाव घेतलं की 'येस मॅडम' म्हणायचं. उशीर झाला तर दारात थांबून इंग्रजीत परवानगी मागायची.

एकदा बापूरावांनाच उशीर झाला. शेड त्यांची, पत्रा त्यांचा, सून त्यांची. ते दारात येऊन खाकरले. अश्विनी फळ्यावर लिहीत राहिली. पुन्हा खाकरले. ती लिहीतच. वरून ऊन मी म्हणत होतं. शेवटी बापूराव चपलांकडं बघत पुटपुटले, "मे आय कम इन?"

"मामा, मागं ऐकू नाही आलं," अश्विनी अगदी नम्रपणे म्हणाली.

मग बापूरावांनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. विचारायची वेळच येऊ द्यायची नाही!

* * *

एकदा प्रत्येकानं आपला दिवस लिहायचा होता. फळ्यावर नमुना होता. मी सहा वाजता उठतो, मी दात घासतो, मी ऑफिसला जातो. ऑफिसच्या जागी शेत घाला आणि बाकीचं उतरवून काढा, असं मॅडमनं सांगितलं.

आमचा सीताराम पहिल्याच ओळीला पेन खाली ठेवून बसला. सहाला उठतो हे खोटं आहे म्हणाला. थ्री फेज लाईट या आठवड्यात पहाटेची, पुढच्या आठवड्यात दुपारची. मोटार चालू करायची असेल तेव्हा तो उठणार. अश्विनीनं समजावलं की हा नुसता सराव आहे, कोण तपासायला येतंय?

"उठायची येळ लाईटवाल्यांच्या हातात हाय, पोरी. लिवायचं तर खरं लिवीन, न्हायतर कोरं ठिवीन."

मग बराच वेळ खपून त्यानं इंग्रजीत लिहिलं, लाईट आली की मी उठतो. मॅडमनं बरोबरची खूण केली आणि विचारलं, दाताच्या ओळीचं काय? सीतारामनं नुसतं तोंड उघडून दाखवलं.

ती ओळ फळ्यावरूनच पुसली गेली.

* * *

पुस्तकात एक धडा होता. एका शेतकऱ्याकडं एक गाय आहे, तो रोज झाडाखाली बसून बासरी वाजवतो, आणि तो फार आनंदी आहे. खाली प्रश्न, शेतकरी आनंदी का आहे?

झालं, वर्ग पेटला. गाय दूध किती देते ते का नाही लिहिलं? रोज झाडाखाली बसतो तर गवत कोण कापतं? बापूरावांचं म्हणणं, हा धडा लिहिणाऱ्याला एकदा आमच्या उसात पाणी धरायला पाठवा. अश्विनी म्हणत होती, धड्यात आहे तेवढंच उत्तर द्यायचं, वाचनाचा धडा आहे. कोणी ऐकेना.

कौसाक्का तेवढी पुस्तकात डोकं घालून होती. तिनं धडा पुन्हा बोट ठेवून वाचला, मान हलवली आणि निकाल दिला. "एकच गाय हाय आन् ह्यो खूश हाय. म्हंजी घरात दुसरं कुणीतरी राबतंय."

* * *

हा माझा स्वतःचा. इंदापूरला निघालो होतो एसटीनं. खिडकीची जागा मिळाली म्हणून बाहेरच्या इंग्रजी पाट्या वाचत होतो. टायरचं दुकान, दवाखाना, हॉटेल, एकेक अक्षर जुळवून. एखादी पाटी पुरी व्हायच्या आत गाडी पुढं जायची, मग उरलेली अक्षरं मी अंदाजानं घालायचो. शेजारी कॉलेजचा पोरगा कानात वायरी घालून बसला होता. त्यानं एक वायर काढली.

"आजोबा, जरा मनात वाचा की."

"मनात वाचायला आजून शिकलो न्हाय, बाळा. सध्या मोठ्यानंच येतंय."

आणि पुढच्या पाटीपासून आवाज थोडा चढवला.

* * *

एका रात्री जेवताना अक्काचा मुलगा आणि सून इंग्रजीत काहीतरी बोलली. तात्यांनी मान डोलावली, त्यांना आधीच सांगितलेलं असणार. अक्कानं भाजी वाढता वाढता शब्द वेचले. बफेलो. सेल. संडे.

म्हैस भाकड झाली होती हे खरं, पण रेडकू असल्यापासून अक्कानं वाढवलेली. रविवारी जनावरांचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात आला. गोठ्यात नुसता खुंटा! दिवस उगवायच्या आतच अक्का म्हैस कालव्यापलीकडं भावाच्या वस्तीवर बांधून आली होती आणि आता चुलीपुढं बसली होती. मुलगा विचारायला आला, म्हैस कुठाय?

अक्कानं भाकरी उलटली. "बफेलो इज नॉट ॲट होम."

तात्यांनी व्यापाऱ्याला शब्द दिला होता. टेम्पो रिकामा परत गेला, तो सगळ्या गावानं पाहिला. तेव्हापासून त्या घरातली गुपितं मराठीतच बोलली जातात, पण गोठ्याच्या मागं जाऊन.

* * *

पहिलं पुस्तक संपलं. अश्विनीनं जाहीर केलं, प्रत्येकानं उभं राहून चारचौघांपुढं स्वतःची माहिती इंग्रजीत वाचायची. पूर्ण वाचेल त्याला दुसरं पुस्तक. नाव, गाव, काम, आणि नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव.

आम्ही गड्यांनी बायकांची नावं लिहून टाकली. अक्काची ती ओळ कोरी. आमच्याकडं त्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत. लग्नाकार्यात उखाण्यात घेतील तेवढंच, एरवी 'मालक', नाहीतर 'आमचं हे'. अश्विनीनं तोड काढली, माझा नवरा शेतकरी आहे एवढंच वाचा. अक्का म्हणाली, गड्यांनी लिहिलंय तसंच मी लिहिणार. मग कोणीतरी सुचवलं, निदान उखाणा तरी घाला पुढं.

"इंग्रजी उखाणा कुठनं आणू? सरळच घेती."

ही बातमी तात्यांच्या कानावर गेली. म्हशीचा राग होताच. चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत त्यांनी सांगून टाकलं, लोकांपुढं माझं नाव घेतलं, तर त्या दिवसापासून तिच्या हातचं जेवण बंद. तात्या एकदा बोलले की मोडत नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? मी त्यांना समजवायला गेलो, तर मलाच गप्प केलं. मग अक्काकडं गेलो. म्हटलं, एवढी एक ओळ सोड, बाकी सगळं वाच.

"आबा, म्या भाकरी करून ठिवीन. खायाची का न्हाय, त्यांचं त्यांनी बघावं."

वाचायच्या दिवशी शेड भरली. सुना, नातवंडं, साखर कारखान्यातून सुटून आलेले लोक. अक्काचा मुलगा आणि सूनही होती. तात्या नव्हते. बापूरावांनी वाचलं, सीतारामनं वाचलं. मी वाचलं तेवढ्या वेळात बापूरावांची एक डुलकी झाली.

मग अक्का उठली. माझं नाव कौसल्या. मी अंथुर्ण्याला राहते. मी शेतकरी आहे. सगळं इंग्रजीत, एकेक शब्द नीट खाली ठेवत. आणि पुढच्या ओळीवर बोट थांबलं.

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. अश्विनीला दया आली, ती पुढच्या माणसाला उठवायला वळली. अक्कानं हातानंच तिला थांबवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, कपाळापर्यंत ओढून घेतला, आणि मान वर करून वाचलं.

"माय हजबंड्स नेम इज दगडू."

तेवढ्यात खिडकीबाहेरच्या क्रेटांच्या थप्पीमागून दगडूतात्यांचा खणखणीत आवाज आला.

"येस मॅडम!"