पांढऱ्या पोटाचा कोट

वापीहून निघाले तेव्हा कोट मांडीवर होता आणि जीव मुठीत. २०१६चा मे महिना. डहाणूच्या किनाऱ्यावर एका जाहिरातीचं शूटिंग होतं आणि कपडेपट माझ्याकडे होता. वापीच्या एका श्रीमंत बाईंनी केवळ माझ्या शब्दावर हा फरकोट दिला होता. "जसा नेतेस तसाच आण," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला काही झालं असतं, तर या धंद्यात मला पुन्हा कुणी साधा रुमाल दिला नसता.

अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग हलेना. ढाब्यावरचा चहासुद्धा मी हात खिडकीबाहेर काढून, मान वाकडी करून प्यायले. पुढे गाडीच तापली. ड्रायव्हर लहानू म्हणाला, "मॅडम, झरीला माझी मावशी राहते. तिथं सावलीत बसा, मी गाडीचं बघतो." फरला ऊन चालत नाही, आतलं चामडं कडक होतं. रडतखडत आम्ही मावशींच्या पाड्यावर (वस्तीवर) पोचलो.

घर कुडाचं, सारवलेलं, आत छान गार. मावशींनी नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी पुढे केली. ती मी कोटापासून लांब बसून खाल्ली, हात दोनदा धुतले, मग वारा लागावा म्हणून कोट पिशवीतून काढून दांडीवर टाकला. पांढऱ्याशुभ्र फरवरचे काळे ठिपके दिसताच मावशी मागे सरल्या. "वाघोबा?"

"नाही हो, थंड मुलखातलं रानमांजर. लिंक्स म्हणतात."

"मांजर कसलं, बाय. वाघाचीच जात ती."

मग मला सांगायचा चेव आला. फर महाग कशानं होते? वरचे केस रेशमासारखे हवेत, खालची लव दाट हवी, कातडं वजनाला हलकं हवं, जनावर ऐन थंडीत मारलेलं हवं. "आणि सगळ्यात जास्त मोल या पांढऱ्या पोटाला. एका कोटाला कितीतरी जनावरं लागतात. यात नुसती पोटं आहेत."

"आणि पाठी?"

"त्यांना एवढा भाव नाही."

मावशी आत गेल्या. मला वाटलं, पाणी आणायला गेल्या असतील. त्या तेलात कालवलेला शेंदूर घेऊन आल्या आणि मी उठायच्या आत त्यांनी कोटाच्या छातीवर बोट ओढलं. "अर्धा वाघ घरात आणलास! हात जोड त्याला. तो कोपला तर? आमची गुरं रानात जातात." मला रडूच फुटलं. तांदळाचं पीठ मागून घेतलं आणि तेल टिपेपर्यंत चोळत बसले. मावशींनी पीठ दिलं, पण पुसणं काही त्यांना पाहवेना. त्या तोंड फिरवून बसल्या.

वरचे केस पांढरे झाले. डहाणूत कॅमेऱ्याला काही दिसलं नाही. समुद्र समोर होता म्हणे, मी पाहिलाच नाही.

वापीला बाईंनी कोट हातात घेतला आणि फरवर हलकेच फुंकर मारली. केस दुभंगले. खालची लव केशरी.

"हे काय?"

मेकअपचा डाग, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. पण तोंडून निघालं, "शेंदूर. झरीच्या एका मावशींनी वाघोबाला लावतात तसा लावला."

आता कडाडतील म्हणून मी अंग चोरलं. बाईंनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. "देवाला चढलेलं मी पाछुं (परत) कसं घेऊ? तूच ने. घरात नको ठेवूस माझ्या."

कोट पुन्हा माझ्या मांडीवर आला. सगळ्या प्रवासात मी त्या बाईंना भ्यायले होते. ज्यांची ही पोटं होती, त्या जनावरांचा विचार आत्ता कुठे मनात आला. लहानूनं गाडी सुरू केली. त्याचं लक्ष रस्त्यावर आहे असं पाहून मी पिशवीची चेन उघडली आणि हात जोडले.