डिप्लोमाची धास्ती

जळगावच्या चित्रकला वर्गातले आम्ही जुने सोबती भेटलो की चित्रांबद्दल फारसं बोलत नाही. हल्ली रंग कुठले वापरतोस, कागद कुठून आणतोस, हे पाच मिनिटांत आटपतं. मग कुणीतरी म्हणतं, "त्या दिवशी तुझी काय गाळण उडाली होती," आणि चहा गार होईपर्यंत तेच चालतं. गाळण प्रत्येकाची उडालेली, त्यामुळे किश्शांना तोटा नाही. दर भेटीला एखादा नवा निघतोच.

वर्ग मेहरूणच्या वाटेवर, कापसाच्या जिनिंगच्या एका रिकाम्या गोदामात भरायचा. पाठक सर एकटेच सगळं शिकवायचे आणि परीक्षेला मात्र मुंबईला जावं लागायचं. ड्रॉइंगच्या लहान परीक्षा झाल्या, आता डिप्लोमाच करायचा, असं म्हणणारे आम्ही चौघं: पारोळ्याकडचा यशवंत, भुसावळचा गफूर, जळगावात मामाकडे राहणारी धुळ्याची सुलोचना आणि असोद्याचा मी.

माझी धास्ती घरातच होती. वडिलांना, म्हणजे आबांना, डिप्लोमाचं सांगायचं कसं? बरेच दिवस टाळलं. शेवटी केळीच्या बागेत ते पाणी भरत होते, तेव्हा मागं उभं राहून एका दमात सांगून टाकलं आणि जरा लांब सरकलो. आबांनी फावडं टेकवलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. शांतपणे विचारलं, "केयीचा घड वाया गेला तं ढोरं खातीन. तुह्यं चितर वाया गेलं तं कोन खाईन?"

त्यांनी परवानगी दिली की नाही, हे मला आजही नक्की माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सायकल काढली तेव्हा अडवलं नाही, एवढंच. पण पुढं कागद फाडायची वेळ आली की ती ढोरं डोळ्यांपुढं उभी राहायची.

वर्गात माणूस समोर बसवून काढायचा म्हटलं की कुणी बसायला मिळेना. चित्र काढलं की आयुष्य कमी होतं, अशी लोकांची समजूत. शेवटी बाजारात दोर विकणारे एक म्हातारे नाना तयार झाले. आता कमी व्हायला उरलंय काय, असं म्हणून ते खुर्चीत बसले.

बऱ्याच वेळानं सुलोचनानं कोळसा खाली ठेवला. नानांची छाती हलत नाही, असं ती अगदी हळू म्हणाली. आम्ही पाहिलं. मान कलंडलेली, जबडा पडलेला, ओठावर माशी बसलेली. गफूर ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायला लागला. आपल्या चित्रानं माणूस मेला, आता त्याच्या घरी जाऊन काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. यशवंत धावत सरांना घेऊन आला. सरांनी दारातूनच नानांकडे पाहिलं, मग आमच्या कागदांकडे.

"तुम्ही थांबलात कशाला?" ते म्हणाले. "इतकं स्थिर मॉडेल पुन्हा मिळायचं नाही."

त्या आवाजानं नानांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

पुढचा किस्सा सांगताना मात्र आम्ही अजून आवाज खाली आणतो. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि रझाकार येणार, या बातम्यांनी सगळा खानदेश धास्तावलेला. अशा दिवसांत आम्ही तिघं मुलगे भुसावळजवळ तापीच्या रेल्वे पुलाचं चित्र काढायला बसलो. हे अकलेचं काम नव्हतं. थोड्याच वेळात पोलीस आले आणि आम्हाला कागदांसकट एका चौकीत घेऊन गेले.

फौजदारांनी चित्रं मागितली. माझा पूल बघितला न बघितला आणि बाजूला ठेवला. यशवंतचा पाहून म्हणाले, की या नकाशावरून शत्रू आला तर तापीतच बुडेल. मग गफूरचा कागद हातात घेतला. एकेक खांब, एकेक तुळई जागच्या जागी. त्यांनी खाली लिहिलेलं नाव वाचलं, गफूरकडे पाहिलं आणि आम्हा दोघांना जायला सांगितलं.

आम्ही गेलो नाही. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो आणि यशवंत मिळेल त्या गाडीनं सरांना आणायला जळगावला गेला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटत होती. सर आले तोवर दिवस कलला होता. ते तडक आत गेले, मागोमाग आम्हीही. सर म्हणाले, "साहेब, हा माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी आहे."

"तेच तर म्हणतोय मी," फौजदार म्हणाले.

गफूरला सोडलं, पण कागद ठेवून घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस गफूरनं बाहेर बसून फक्त झाडं काढली.

यशवंतला तर परीक्षक या शब्दानंच ताप यायचा. मुंबईला वस्तुचित्राचा पेपर होता. समोर चौरंगावर माठ, पितळी तांब्या आणि निळं कापड, बाजूला खिडकी. परीक्षक फिरत फिरत आले आणि नेमके खिडकीत उभे राहिले. तांब्यावरचा उजेड गेला. बाजूला व्हा म्हणायला यशवंतची जीभ उचलेना आणि साहेब हलेनात. वेळ चाललेला. शेवटी त्यानं जसं दिसलं तसं रंगवून टाकलं.

मग परीक्षक त्याच्या मागं आले, वाकून चित्र पाहिलं आणि तांब्यावर हे काळं काय आहे, असं विचारलं. घाबरला की यशवंत घरची भाषा बोलायचा. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, ते तुम्ही शेतस."

परीक्षकांना 'शेतस' कळेना. शेजारून गफूरनं मान वर न करता सांगितलं, "ते तुम्ही आहात, म्हणतोय."

त्या पेपरात यशवंत पास झाला. कसा, ते सरांनाही सांगता आलं नाही.

सुलोचनाची भीती आमच्यापेक्षा निराळी. आम्ही नापास झालो असतो तर पुन्हा बसलो असतो. तिचं लग्न ठरलं की डिप्लोमा तिथंच संपणार, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही. शेवटच्या वर्षी परीक्षा तोंडावर आली असताना धुळ्याहून बोलावणं आलं. शेतीवाडी असलेलं मोठं स्थळ होतं आणि तिच्या कारकून वडिलांना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. जाताना तिनं रंगपेटी वर्गातच ठेवली. मी आले नाही तर गफूरला द्या, म्हणाली.

पुढचं तिनंच आम्हाला सांगितलेलं. पाहुणे आले, नाव-शिक्षण विचारून झालं. मुलगी चित्रं काढते हे मुलाच्या वडिलांच्या कानावर होतं. आमच्या मुलाचंच काढून दाखव की, असं ते हसत म्हणाले. वाईट काढलं तर वडिलांची शोभा होणार, चांगलं काढलं तर पसंती येणार. पहिली रेघ तिनं पुसून टाकली. मुलगा समोर ऐटीत बसला आणि ती त्याच्याकडे नीट पाहायला लागली. एकदा पाहायला लागल्यावर तिला वाईट काढता येईना.

चित्र पाहुण्यांत हातोहात फिरलं. डोळे तेच, हनुवटी तीच. मुलगाही खूश झाला. सगळ्यांत शेवटी कागद स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या आईकडे आला. आईनं तो उजेडाकडे धरला आणि त्या डोळ्यांतली गुर्मी बराच वेळ पाहिली.

पाहुणे पसंती सांगूनच उठले. ते गेल्यावर आई वडिलांना म्हणाली, "त्यांना नाही म्हणून कळवा."

तिची आई नवऱ्यापुढं कधी मान वर करून बोललेली नव्हती. आपण चुकीचं ऐकलं, असं वडिलांना वाटलं. मग ते चिडले. असं स्थळ पुन्हा यायचं नाही, मुलात काय कमी आहे, असं बरंच बोलले. सुलोचना भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आज आईला मार बसणार. निदान कारण तरी सांग, म्हणून वडील आईसमोर येऊन उभे राहिले.

"चित्र पाहिलंत ना तुम्ही?" आईनं विचारलं.

"पाहिलं. हुबेहूब आहे."

"मग झालं तर," आई म्हणाली.